आपली कॉलनी, आपला कोपरा: शेजाऱ्यांनी मिळून परिसर सुधारताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला इंदिरानगरच्या बाजूला आमची कॉलनी आहे. चाळीसेक बंगले आणि रो-हाऊस, अकरा अपार्टमेंट, एक ओपन स्पेस आणि कोपऱ्यावर विजेची एक डीपी. गेल्या पाच वर्षांत आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून इथे थोडंफार काम केलं. ते ऐकून पाथर्डी फाटा, सिडको, कधी अगदी नाशिकरोडहूनही लोक रविवारी सकाळी येतात आणि चहा होईपर्यंत तेच तेच विचारतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. जिथे आम्ही आपटलो तिथे जास्त लिहिलंय. जे सरळ झालं त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

सुरुवात कुठून करायची?

रोज सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते अशी एकच जागा निवडा. आमच्याकडे ती डीपीमागची होती. शिळ्या पोळ्या, निर्माल्य, डायपर, रात्रीच्या पार्टीच्या थर्माकोलच्या प्लेटा आणि त्यात तोंड घालून उभ्या दोन गायी. ‘बाहेरचे लोक गाडीवरून येतात आणि टाकून जातात’ असं आम्ही सगळे इतक्या खात्रीने म्हणायचो की कुणी कधी बघायलाच गेलं नव्हतं.

मग आम्ही तिघांनी वाटून घेतलं आणि पाच दिवस सकाळी सहा ते साडेदहा समोरच्या ओट्यावर बसून पाहिलं. एका जुन्या शाळेच्या वहीत लिहिलं: किती वाजता, काय टाकलं, कुठल्या बाजूने आलं. पाच दिवसांत बाहेरची माणसं निघाली दोन. बाकी सगळी आपलीच. अंबडच्या कंपन्यांत सकाळच्या शिफ्टला जाणारी मुलं, नवरा-बायको दोघंही नोकरीला जातात ती घरं, आणि ‘जाता जाता टाकून दे गं’ म्हणत मालकिणीने ज्यांच्या हातात पिशवी दिली त्या कामाला येणाऱ्या ताई. घंटागाडी यायची साडेदहाला. साडेसहाला घराला कुलूप लावणाऱ्याने कचरा ठेवायचा कुठे?

तोवर आमचा बेत ‘येथे कचरा टाकू नये’ असा बोर्ड लावायचा होता. शहरात कुठेही बघा, हा बोर्ड म्हणजे कचरा कुठे टाकायचा त्याचा पत्ता असतो. वही वाचल्यावर बोर्ड बारगळला. आम्ही विभागीय कार्यालयात जाऊन स्वच्छता निरीक्षकांना भेटलो. त्यांनी गाडीचा मार्ग समजावून सांगितला, आमच्या आधी किती गल्ल्या आहेत ते दाखवलं. ते काही चुकीचं बोलत नव्हते. दोन-तीन भेटींनंतर तोडगा निघाला: गाडीने फेरी उलट्या टोकापासून सुरू करायची. आता ती सव्वासातला येते. सकाळच्या शिफ्टची मुलं तरी उरलीच. त्यांच्यासाठी दोन अपार्टमेंटच्या वॉचमनकाकांनी गेटच्या आत झाकणाचे ड्रम ठेवले.

त्यानंतरच जागा साफ केली, माती टाकली, रांगोळी काढली. आठ कुंड्या ठेवल्या, पाचव्या दिवशी सगळ्या चोरीला. मग जुन्या टायरांत माती भरून सदाफुली लावली. टायर उचलायचा कुणाला उत्साह नसतो आणि सदाफुलीला गाय तोंड लावत नाही. हा दुसरा शोध आमच्या काकूंचा, ज्यांचा बंगला त्या कोपऱ्याला लागून आहे. सगळं मिळून सात महिने लागले.

पण हे काम तर महापालिकेचं आहे. आम्ही घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो. मग आम्ही का राबायचं?

अगदी बरोबर. रस्ता झाडणं, गटार काढणं, दिवे लावणं ही कामं पालिकेनेच करायची आहेत आणि आम्ही त्यातलं एकही हातात घेतलेलं नाही. झाडू घेऊन फोटो काढण्याचा कार्यक्रम आम्ही पहिल्या वर्षी एकदा केला. दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही झाडलं तर माझी हजेरी कशी लागायची?’ त्यानंतर ते बंद. मात्र कुठला दिवा बंद आहे, कुठलं चेंबर तुंबलंय, गाडी कुठे पोचत नाही हे तिथे राहणाऱ्याइतकं कुणाला कळत नाही. ते नेमकं, वेळेवर आणि लेखी कळवणं, आणि आपल्या घरातला कचरा आपण वेगळा करणं, एवढा आपला वाटा.

किती माणसं हवीत?

पाच. पण पाचही जणांनी फोन उचलला पाहिजे.

संस्था नोंदवायची का? नाव काय ठेवायचं?

नाव ठेवण्यातच दोन बैठका जातात, म्हणून पहिल्या वर्षी नावच ठेवू नका. ‘अमुक कॉलनीतील रहिवासी’ आणि खाली सह्या, एवढ्यावर अर्ज चालतो.

नोंदणीची गरज नंतर येते. सार्वजनिक नावाने बँकेत खातं काढायचं असेल, कुणी कंपनी मदत देणार असेल किंवा बाग सांभाळायला घ्यायची असेल तेव्हा. त्यासाठी १८६० चा संस्था नोंदणी कायदा आहे. किमान सात सभासद लागतात, आणि आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. हे काम धर्मादाय कार्यालयात होतं. नोंदणी झाली की दरवर्षी हिशेबाचं ऑडिट आणि कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट. हे दोन्ही न केल्यामुळे अडकून पडलेली मंडळं प्रत्येक गल्लीत सापडतील. कागद सांभाळायला खमका माणूस असेल तरच त्या वाटेला जा. आम्ही तिसऱ्या वर्षी गेलो, कारण बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा आपण होऊन पुढे आले.

नोंदणीचा एक फायदा फार जणांना ठाऊक नसतो. राज्याच्या महानगरपालिका कायद्यात प्रभाग समितीवर नोंदणीकृत सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली, प्रभाग समित्या तिच्यातूनच आल्या. लोकांनी ती जागा मागितल्याचं मात्र क्वचितच कानावर येतं.

आमचं अपार्टमेंट आहे, सोसायटी नाही. चालेल का?

चालेल. कंपाउंडच्या आतला प्रश्न सोसायटीचा किंवा अपार्टमेंटच्या असोसिएशनचा, बाहेरचा सगळ्या गल्लीचा. आम्ही आतल्या भांडणात पडत नाही. कुणाच्या टाकीचं पाणी कुणाच्या पार्किंगमध्ये गळतं हा विषय एकदा बैठकीत आला आणि रात्रीचे साडेअकरा झाले.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

आधी कुणाचं काम आहे ते ओळखा. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर महापालिकेचा विद्युत विभाग. तार तुटली असेल, डीपीतून ठिणग्या पडत असतील तर महावितरण, फोन १९१२. बिबट्या किंवा जखमी वन्यप्राणी दिसला तर वनविभाग, १९२६. रात्री दहानंतर डीजे वाजत असेल तर पोलीस, ११२. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, पण मोजत बसू नका. दहा ते सहा लाउडस्पीकर बंद, हा नियम सांगायला सोपा पडतो.

महापालिकेचं मुख्यालय शरणपूर रोडला, राजीव गांधी भवनात. पण गल्लीच्या कामासाठी तिथवर जायची गरज पडत नाही. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर अशी सहा विभागीय कार्यालयं आहेत, तुमचा प्रभाग ज्यात येतो तिथेच जा. मोबाइलवरूनही तक्रार करता येते. ॲपवर फोटो टाकून क्रमांक मिळवा आणि तो वहीत उतरवा.

तक्रार नेमकी हवी. ‘आमच्या भागात दिवे बंद असतात’ म्हटलं तर कुणी काही करू शकत नाही. ‘खांब क्रमांक अमुक, मंगळवारपासून बंद’ म्हटलं तर वायरमनला शिडी कुठे लावायची ते कळतं. आमच्या शाळकरी मुलांनी एका सुट्टीत सगळ्या खांबांचे आकडे टिपून कॉलनीचा हाताने नकाशा काढला. तो आजही जिन्याखाली चिकटवलेला आहे आणि आमच्याकडचं सगळ्यात उपयोगी कागदपत्र तेच आहे.

आणि अर्ज लेखी दिला तर पोच घ्या. अर्जाची दुसरी प्रत, तिच्यावर आवक शिक्का, तारीख, सही. एका कार्यालयात (कुठल्या ते राहू द्या) आम्ही चेंबरच्या झाकणासाठी चार वेळा तोंडी सांगून आलो. चारही वेळा ‘हो, होऊन जाईल’. पाचव्या वेळी लेखी अर्ज नेला. समोरच्या भाऊंनी तो घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवायला लागले. काकूंनी दुसरी प्रत पुढे केली आणि ‘शिक्का द्या की भाऊ’ म्हणून शांतपणे खुर्ची ओढून बसल्या. शिक्का शोधायला दहा मिनिटं लागली. झाकण सहाव्या दिवशी बसलं.

तक्रार न सोडवताच ‘निकाली’ असा मेसेज आला तर चिडून उपयोग नाही. त्याच दिवशीचा, त्याच जागेचा फोटो टाकून पुन्हा तक्रार नोंदवा आणि जुना क्रमांक त्यात लिहा.

माहिती अधिकार लावावा का?

शेवटी. आधी भेटा, मग लिहा, मगच तो. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका, उत्तरच मिळत नाही. कागद मागा: कामाच्या आदेशाची प्रत, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची पानं, ठेकेदाराच्या दोषदायित्वाचा कालावधी. हा शेवटचा शब्द पाठ करा. रस्ता केल्यावर ठराविक काळ त्याची दुरुस्ती ठेकेदारानेच करायची असते, आणि तो काळ संपला की नाही हे आपल्याला ठाऊक आहे एवढं कळलं तरी बोलणाऱ्याचा सूर बदलतो. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील.

नगरसेवकांकडे जायचं की नाही?

जायचं, पण सगळ्यांकडे एकदम आणि एकाच कागदासह. २०१७ पासून आपल्याकडे बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत. एकट्याकडे गेलात तर तुम्ही त्यांची माणसं ठरता आणि बाकीच्या तिघांना काम न करण्याचं कारण मिळतं. आमच्या अर्जावर चारही नावं एका ओळीत असतात, वयाच्या क्रमाने नाही, पक्षाच्या नाही, अकारविल्हे. मार्च २०२२ नंतर बराच काळ नगरसेवक नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. तेव्हाही हीच वही आणि हीच पोच उपयोगी पडली.

वेळ मात्र साधा. पालिकेचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडलं जातं, मग स्थायी समिती, मग महासभा. मोठं काम हवं असेल, म्हणजे पावसाळी गटार, रस्त्याचं डांबरीकरण, तर दिवाळी आटोपली की अर्ज गेला पाहिजे. एप्रिलमध्ये मागितलं तर वर्ष गेलं.

ओला-सुका कचरा वेगळा करून उपयोग काय? गाडीत सगळं एकत्रच करतात म्हणे.

हा प्रश्न नाही, ही पळवाट आहे. मीही ती दोन वर्षं वापरली. ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच करायचे, हे २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं; एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत भाग चार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींनी ओला कचरा शक्य तोवर आवारातच जिरवायचा, हेही २०१६ च्या नियमांतच होतं. गाडीत कप्पे असतात. कुणी एकत्र टाकताना दिसलं तर त्याच क्षणी सांगा, मागून नाही.

आमची मोठी कमाई म्हणजे ओपन स्पेसच्या कडेचे चार ड्रम. दोनशे लिटरचे, बाजूंना आणि तळाला भोकं पाडलेले, विटांवर ठेवलेले. तळाला नारळाच्या शेंड्या, मग एक बादली ओला कचरा, त्यावर एक बादली वाळलेली पानं. मध्ये मध्ये थोडं आंबट ताक आणि गुळाचं पाणी. आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर. दीड-दोन महिन्यांत खत.

वाचायला सोपं आहे. पहिल्या ड्रमला अशी घाण सुटली की शेजारच्या अपार्टमेंटमधून सह्यांचं निवेदन आलं, आमच्याच विरोधात. चूक साधी होती: वाळलेली पानं कमी, पाणी जास्त. कलिंगडाचे दिवस होते आणि प्रत्येक घरातून सालींची रास. आता उपाय पाठ झालाय. वास आला की पानं घाला. मूठभर माल दाबून बघा, हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. पांढरी बुरशी दिसली तर खुश व्हा. जाड्या करड्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा फस्त करतात आणि चावत नाहीत.

पानांचा साठा फेब्रुवारी-मार्चमध्ये करायचा, पानगळीत. पूर्वी याच पानांच्या ढिगाऱ्यांना सकाळी काडी लावली जायची आणि दम्याचे पेशंट खिडक्या लावून बसायचे. आता पोती भरून ओपन स्पेसच्या शेडमध्ये रचतो. मागच्या वर्षी छपन्न पोती झाली, तरी दिवाळीपर्यंत संपली.

झाडं कुठली लावावीत?

आधी असलेली वाचवा. झाडाच्या बुंध्याला गळफास लावलेले पेव्हर ब्लॉक काढा, भोवती हातभर माती मोकळी करा. खिळे उपटा. ट्री-गार्ड झाडात रुतलेला असतो, तो कापायला वेल्डरदादांना बोलवा. चार झाडांचे आम्ही कापले, एकाच्या खोडात जाळी बोटभर आत गेली होती.

नवं लावायचं तर आपल्या हवेतलं: कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, कांचन, वावळ. तारांखाली उंच वाढणारं नको, नाहीतर दरवर्षी महावितरणची माणसं मधूनच कापणार आणि तुम्ही दरवर्षी भांडणार. गुलमोहर दिसायला झकास, पण वळवाच्या वाऱ्यात फांद्या गाड्यांवर येतात. लावताना गर्दी जमते, पाणी घालायला कुणी नसतं. म्हणून एका झाडाला एक घर नेमून द्या, फेब्रुवारी ते मे त्या घराने पाणी घालायचं. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून नाशिककरांनी देवराई उभी केली आहे. उन्हाळ्यात तिथे पाणी कसं पुरवतात ते जाऊन बघा, भाषणापेक्षा ते बरं.

तोडायचं असेल, किंवा नुसत्या फांद्या छाटायच्या असतील, तरी परवानगी लागते. १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा आहे. पन्नास वर्षांवरच्या झाडाला २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्षाचा दर्जा आहे. तोडण्याआधी झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात, तेव्हा झाडावर कागद दिसला तर वाचा. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं जाणार म्हटल्यावर २०२५ च्या अखेरीस नाशिककर तिथे जमले आणि हरकतींचा ढीग पडला, तेव्हा सुरुवात अशाच नोटिशींपासून झाली होती.

शेजारच्या रिकाम्या प्लॉटचं काय करायचं? मालक मुंबईला असतो.

हा आमचा सर्वांत जुना घाव. पावसाळा संपता संपता त्यात गाजर गवत छातीएवढं होतं. त्याची परागकणं दम्याला आणि कातडीला वाईट. फुलं येण्याआधी, ओली जमीन असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलं आल्यावर उपटलंत तर बी तुम्हीच पेरलं. नाशिकच्या कडेकडेच्या वस्त्यांत तर बिबट्यालाही असं रान सोयीचं पडतं, आणि गवताबरोबर कचरा, कचऱ्याबरोबर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या अशी रांग लागते.

मालकाला आधी फोन करा. नंबर शेजाऱ्यांकडे किंवा विकणाऱ्या एजंटकडे असतो. आमच्या मालकांनी दोनदा फोन कट केला. तिसऱ्यांदा प्लॉटचा व्हिडिओ पाठवून ‘तुमच्या प्लॉटवर शेजारी भराव टाकतायत’ एवढंच कळवलं, तर शनिवारी सहकुटुंब हजर! भराव खरंच टाकत होते, खोटं काही बोललो नाही. तारेचं कुंपण त्यांनीच घातलं. नाहीच आले तर विभागीय कार्यालयाकडे प्लॉटधारकाला नोटीस काढण्याची मागणी करा.

डबकी मात्र लगेच बुजवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस: फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर सगळं रिकामं. आमच्या सदाफुलीच्या टायरांतही पहिल्या पावसात पाणी साचलं होतं, हे इथे कबूल करते.

ओपन स्पेसवर मंदिर बांधायचं म्हणतात. विरोध केला तर वाईट दिसतं.

ओपन स्पेस लेआउट मंजूर करताना सगळ्यांसाठी सोडलेली जागा असते. सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे, सगळ्या धर्मांसाठी. तो कागद बैठकीत वाचून दाखवा आणि गप्प बसा. आमच्याकडे गणपती बसतो, नवरात्रात भोंडला होतो, कोजागरीला दूध आटतं, आणि मंडप उतरला की मुलं पुन्हा क्रिकेट खेळतात. भक्तीला जागा कमी पडल्याची कुणाची तक्रार आलेली नाही.

भटक्या कुत्र्यांवरून दोन गट पडलेत.

सगळीकडे पडतात. २०२३ च्या नियमांनुसार कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पकडलं तिथेच परत सोडायचं असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही साधारण तेच धरलं, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून, आणि खायला घालायचं ते नेमलेल्या जागीच असं सांगितलं. आम्ही जागा नेमली: डीपीपासून लांब, शाळेच्या बसथांब्यापासून लांब, वेळ रात्री नऊ. खायला घालणाऱ्यांनीच कुत्री ओळखून पकडायला मदत करायची, असं ठरलं. तरी भांडण मिटलं असं म्हणणार नाही. आवाज कमी झालाय.

गतिरोधक स्वतः घालू का? सिमेंट आहे घरात.

नका. मानकाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हळूहळू चढणारा असतो. घरच्या सिमेंटचा उंचवटा म्हणजे रात्री घसरून पडणारा पहिला मुलगा आपल्याच गल्लीतला.

वर्गणी किती घ्यायची? हिशेब कसा?

कामापुरती. महिन्याची वर्गणी सुरू केली की वसुली हेच काम होऊन बसतं. ड्रमसाठी घरटी दोनशे घेतले, ट्री-गार्डसाठी शंभर. देणाऱ्याचं नाव आणि रक्कम, खर्चाची बिलं, उरलेली शिल्लक, सगळं एका कागदावर किराणा दुकानाच्या भिंतीवर लावतो. भाडेकरूंकडून पैसे मागत नाही, त्यांच्याकडून वेळ मागतो. एकदा ३४० रुपयांचा ताळमेळ लागेना. आजोबांनी खिशातले घालून मिटवायची तयारी दाखवली, आम्ही नको म्हटलं आणि कागदावर ‘३४० रुपयांचा हिशेब लागत नाही’ असंच लिहिलं. चौथ्या दिवशी वेल्डरदादांची चिठ्ठी एका शर्टाच्या खिशात धुतलेली सापडली. पुढच्या वेळी वर्गणी मागायलाही जावं लागलं नाही, लोक आणून देत होते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसतं गुड मॉर्निंग आणि राजकारण चालतं.

दोन ग्रुप करा. एक गप्पांचा, एक कामाचा. कामाच्या ग्रुपवर फक्त तीन गोष्टी: फोटो, तक्रार क्रमांक, ‘झालं’. निवडणुकीच्या दिवसांत आमचा गप्पांचा ग्रुप तीनदा फुटला. कामाचा शाबूत आहे.

तरुण मुलं येत नाहीत.

बैठकीला येत नाहीत हे खरं. बैठकीला मलाही यावंसं वाटत नाही. जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाड उघडतात तेव्हा बघा. पेशव्यांच्या काळातले ते दगडी हौद वर्षभर रस्त्याखाली बुजलेले, वरून गाड्या जातात. ठरल्या दिवशी ते उकरायचे, साफ करायचे, भरायचे, रंग करायचा आणि सण झाला की पुन्हा बंद करून रस्ता मोकळा करायचा. पालिका होण्याच्या कितीतरी आधीपासून त्या त्या चौकातली माणसं हे करत आली आहेत, आणि तिथे पोरांना कुणी निमंत्रण देत नाही. अंगमेहनतीचं, दोन तासांत संपणारं आणि शेवटी काहीतरी खायला मिळणारं काम असेल तर मुलं येतात. आम्ही पानांची पोती भरण्याच्या रविवारी मिसळ ठेवतो. रस्सा तिखट हवा, नाहीतर पुढच्या वेळी संख्या घटते.

गणपती विसर्जनाचं काय करता?

ओपन स्पेसमध्ये कृत्रिम हौद. शाडूच्या मूर्तींची माती पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेला वापरतो, प्लास्टरच्या मूर्ती संकलन केंद्रावर देतो. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जायचंच असेल त्याला अडवत नाही. मात्र निर्माल्य ड्रममध्ये, प्लास्टिकची पिशवी काढून. गोदावरीच्या प्रदूषणावर नाशिककरांनी २०१२ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. एवढं मोठं काम आमच्याच्याने होणार नव्हतं, पिशवी सोडवणं जमतं.

तुमच्याकडे येऊन बघता येईल का?

या. रविवारी सकाळी सात वाजता डीपीजवळ कुणीतरी असतंच. ड्रम उघडून दाखवू, वही दाखवू, नकाशाचा फोटो घेऊन जा. पण सव्वासातच्या आत पोचा, कारण गाडी आली की आम्ही सगळे बादल्या घेऊन पळतो. आणि येताना एक रिकामं पोतं आणा, खत न्यायला.